खुर्ची दिली, पुढे काय?

मैत्रिणींनो, यवतमाळ जिल्ह्यातल्या शिबिरात व्हीलचेअर मिळते, फोटोही निघतो. पुढे चाक मोडलं की झरी-जामणीच्या बाईने जायचं कुठे? सायकलवाला पंक्चर काढील, पण बेअरिंग कुठून आणील? खुर्ची कोपऱ्यात पडते, बाई घरात अडकते. तिला उचलायचं आईने, नाहीतर शाळा बुडवून मुलीने. (मुलाची शाळा बुडत नाही!) 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 24वं कलम मोफत साधनांविषयी बोलतं, दुरुस्तीचं नाव नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याने 2022 मध्ये कायदा करून विजेच्या व्हीलचेअरचे सुटे भाग मालकांना व बाहेरच्या कारागिरांना देणं कंपन्यांना भाग पाडलं. आपल्याकडे हाताने ढकलायच्या खुर्च्याच जास्त. त्यांच्यासाठी दुरुस्तीची मुदत आणि तोवर बदली खुर्ची, हे राज्याच्या कायद्यातच हवं. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं. अपंग मैत्रिणींना पुढे ठेवून मोर्चा तिथेच नेऊ या.