सरोवराकाठचा डोंगर आणि विजेची सायकल



या सदरात एरवी आपण बी-बियाणे, खतांच्या मात्रा, कीड-रोग यांविषयी बोलतो. आजचा विषय सहलीचा आहे. पण ही सहल ज्या रानातून झाली ते रान शेतकऱ्याचे, ज्या वाटेने झाली ती वाटही शेतकऱ्याची. शिवाय ते रान शेतकऱ्याच्या हाती राहावे म्हणून तिथे मोठा लढा झाला. म्हणून या पानावर तिला जागा दिली आहे.

युरोपातल्या स्वित्झर्लंड देशाच्या पश्चिम टोकाला जिनिव्हाचे सरोवर आहे. त्याचा विस्तार सुमारे ५८० चौरस किलोमीटर आणि खोली काही ठिकाणी ३०० मीटरच्या वर. या सरोवराच्या उत्तर काठावर, लोझान शहरापासून पूर्वेकडे सुमारे ३० किलोमीटरचा एक डोंगरउतार आहे. त्याला लाव्हो म्हणतात. उताराचे तोंड दक्षिणेला, खाली निळे पाणी, पलीकडच्या काठावर फ्रान्समधले आल्प्सचे डोंगर, आणि अलीकडे पाण्यापासून वरपर्यंत पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेल्या द्राक्षबागा. २००७ साली युनेस्कोने या पट्ट्याची नोंद जागतिक वारसा म्हणून केली. तिथे जंगल राखले म्हणून ही नोंद झाली नाही, किल्ला आहे म्हणूनही नाही. शेतकऱ्यांनी घडवलेली शेतजमीन म्हणून झाली, हे ध्यानात घ्यावे.

गेल्या वर्षी सप्टेंबरात द्राक्ष बागायतदारांच्या एका अभ्यास दौऱ्याबरोबर तिथे जाण्याचा योग आला. आमच्यातले निम्मे लोक पन्नाशी-साठी उलटलेले. कुणाचे गुडघे दुखणारे, कुणाला दम लागणारा. मोटारीतून पाहिले तर बागा नुसत्या काचेतून दिसणार, आणि पायी चढायचे तर निम्मी मंडळी पहिल्याच चढाला बसणार. म्हणून विजेच्या सायकलवरून, वाटाड्याबरोबर हा भाग पाहायचे ठरले. तिथे अशा सहली नेहमीच चालतात.

आता ही सायकल म्हणजे काय ते सांगतो. दिसायला ती आपल्या सायकलीसारखीच, थोडी जड. पायडलच्या दांड्यापाशी लहानशी मोटर बसवलेली असते आणि सांगाड्याच्या नळीवर बॅटरी. मोटरसायकलीसारखी मूठ पिळून ती पळत नाही. आपण पायडल मारले तरच मोटर मदत करते. पाय थांबले की मोटर थांबते. आपण जितका जोर लावू त्या प्रमाणात ती भर घालते. हँडलावर बटण असते, त्याने मदत कमी-जास्त करता येते. वेग ताशी २५ किलोमीटर झाला की मोटर आपोआप हात काढून घेते. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवून हळूच पुढे ढकलावे, तसे चढावर वाटते.

विजेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. अशा सायकलीच्या बॅटरीत साधारण ५०० वॅट-तास वीज मावते, म्हणजे अर्धा युनिट. आपला पाच अश्वशक्तीचा पंप तेवढी वीज सात-आठ मिनिटांत खाऊन टाकील. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो वजन धरले, तर ते २०० मीटर उंच नेण्यास शास्त्राच्या हिशेबाने या अर्ध्या युनिटाचा नववा भाग पुरतो. घर्षणात काही वाया जाते, पण काही जोर आपल्या पायांचाही असतो. मोटर बेताची आणि मदत वेळेवर, एवढ्यावर सारे भागते.

आमची वाटाडी तिथल्याच एका द्राक्षशेतकऱ्याची मुलगी होती. निघण्याआधी तिने अर्धा तास आम्हाला मोकळ्या आवारात फिरवले. सीटची उंची, दोन्ही ब्रेक, टोपाचे पट्टे, सारे एकेकाचे तपासले. आमच्याबरोबरच्या एक काकू शाळेत असताना सायकल चालवीत. लग्नानंतर ती सुटली ती सुटलीच. "आता कुठली जमते," म्हणत त्या बाजूला उभ्या राहिल्या होत्या. त्या मुलीने त्यांना सगळ्यांत कमी मदतीवर दोन फेऱ्या मारायला लावल्या, आणि तिसऱ्या फेरीला काकू सगळ्यांच्या पुढे होत्या.

ल्युत्री या गावापासून निघालो. क्युली, एपेस, रिवा अशी गावे लागत गेली. घरे दगडी, एकमेकांना चिकटलेली, बोळ अरुंद. शेतीची एक फूट जमीनही वाया जाऊ नये म्हणून गाव आटोपशीर बांधलेले. गाव संपले की लगेच बाग. बागांमधला रस्ता एका ट्रॅक्टरपुरता. वाटाडीचे नियम साधे होते: एकामागे एक चालायचे, ट्रॅक्टर आला की उतरून बाजूला उभे राहायचे, पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यायची आणि बागेत पाय घालायचा नाही. "ही वाट कामाची आहे, आपण इथे पाहुणे आहोत," असे तिने निघतानाच बजावले होते.

भिंतींपाशी आमची मंडळी थांबली ती हलेनात. आपल्याकडे डोंगरउतारावर ताली घालतात, तशाच या ताली, पण पुरुषभर उंचीच्या आणि उंचीच्या वरच्याही. अकराव्या शतकापासून ख्रिस्ती मठांच्या आधिपत्याखाली हा डोंगर बागायतीखाली येत गेला. तिथे सांगतात की आज दहा हजारांवर पायऱ्या आहेत आणि साऱ्या भिंती एका रेषेत मांडल्या तर लांबी साडेचारशे किलोमीटर भरेल. म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या तिप्पट.

भिंतीचे काम नुसते माती अडवण्याचे नाही. तिथले शेतकरी म्हणतात की आमच्या द्राक्षाला तीन सूर्य मिळतात. एक आकाशातला. दुसरा सरोवराच्या पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा. आणि तिसरा दगडी भिंतीतला, कारण दिवसभर तापलेला दगड रात्री ती ऊब वेलीला परत देतो. थंड देशात द्राक्ष पिकवायचे तर ऊब जपावी लागते. आपल्याकडे उन्हाची वाण नाही. आपल्या तालींचे काम माती धरणे आणि पावसाचे पाणी सावकाश मुरवणे हे आहे. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. भिंतीमागे पाणी तुंबले की भिंत पोट काढते आणि ढासळते. म्हणून तिथे पाण्याला वाट ठेवलेली असते. आपल्याकडे अनेक ताली नेमक्या या कारणाने फुटतात.

जुन्या काळी पावसाने खाली वाहून आलेली माती तिथले शेतकरी पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वरच्या पायरीवर नेऊन टाकीत. आता उभ्या चढावर दात्यांच्या एका रुळावरून चालणारी लहान गाडी असते. तिच्यातून द्राक्षांचे क्रेट खाली येतात. तरी छाटणी, विरळणी, तोडणी ही बरीचशी कामे हातांनीच होतात. मुख्य वाण शास्ला नावाचे पांढरे द्राक्ष. मांडव नाही, वेल बुटकी. आपल्यासारखी एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोनदा छाटणी नाही; थंडीत एकदाच. या द्राक्षाची वाइन होते. वाटेत ती चाखण्याची ठिकाणे आहेत, पण सायकलवर बसणाऱ्याने त्या फंदात पडू नये. आम्ही द्राक्षाचा रस घेतला.

रिवाहून शेब्र गावापर्यंतचा चढ मोठा. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ३७२ मीटर, आणि शेब्र तिच्या सुमारे दोनशे मीटर वर. इथे सायकलीचा खरा उपयोग कळला. बासष्ट वर्षांचे एक अण्णा, नाशिककडचे बागायतदार, बोलत-बोलत वर आले. वर येऊन ते बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "साहेब, एवढ्या मोक्याच्या जागेवर एकही बंगला कसा नाही?"

प्रश्न नेमका होता. अण्णांची चार एकर वरकस जमीन गंगापूर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आहे. दर महिन्याला कुणीतरी दलाल येऊन बसतो. मुलांचे मत विकण्याकडे झुकलेले.

त्याचे उत्तर वाटाडीने दिले. लाव्होवरही हीच वेळ आली होती. दोन्ही बाजूंना शहरे, समोर सरोवर. जागेला भाव येणारच. फ्रान्झ वेबर नावाच्या कार्यकर्त्याने मोहीम उभारली आणि १९७७ साली व्हो प्रांताच्या मतदारांनी मतदान करून लाव्होचे संरक्षण आपल्या राज्यघटनेत घातले. २००५ साली लोकांनी पुन्हा त्याला कौल दिला. २०१४ साली आणखी कडक बंधने घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मात्र द्राक्षशेतकरीच विरोधात गेले. त्यांचे म्हणणे असे, की शेतकऱ्याला शेड, गोदाम बांधता आले नाही तर तो शेती करणार कशी? तो प्रस्ताव फेटाळला गेला आणि सरकारने मांडलेला मधला तोडगा लोकांनी मान्य केला. रान राखायचे, पण रानात राबणाऱ्याला जगू द्यायचे, असा तो समतोल आहे.

तरी नुसत्या कायद्याने ताली उभ्या राहत नाहीत. त्यांना दरवर्षी हात लावावा लागतो, आणि त्या हाताला मोबदला व मान दोन्ही लागतात. मोबदला मालातून येतो आणि थोडा पाहुण्यांकडून. मानाची गोष्ट ऐका. जवळच व्हेव्हे गावात द्राक्षशेतकऱ्यांची एक फार जुनी मंडळी आहे. तिचे लोक वर्षातून अनेकदा बागांत फिरून काम तपासतात आणि उत्तम मशागत करणाऱ्यांना बक्षीस देतात. त्यासाठी भरणाऱ्या मोठ्या उत्सवाची परंपरा १७९७ पासूनची. एका पिढीत एकदाच तो होतो, अलीकडचा २०१९ साली झाला. आपल्या पीकस्पर्धेचीच ही थोरली बहीण म्हणा. फरक एवढाच, की तिथे मान मशागत करणाऱ्या हातांचा होतो.

शेब्रहून सँ-साफोरँ गावाकडचा उतार तीव्र होता. उतारावर मोटरचे काम नसते, सारी भिस्त ब्रेकवर. वाटाडीने सर्वांना थांबवून सांगितले: दोन्ही ब्रेक थोडे-थोडे, एकदम पुढचा दाबायचा नाही, आणि दोघांत दहा पावलांचे अंतर. काकूंसह सर्व मंडळी सुखरूप पाण्याकाठी उतरली.

आता आपल्याकडचे. गंगापूर, भंडारदरा, पानशेत, मुळशी, पवना अशी पाण्याकाठची डोंगराळ गावे आपल्याकडेही आहेत. पुण्या-मुंबईची माणसे तिथे येतात ती मोटार घेऊन, आणि जाताना मागे कचरा ठेवतात. गावाला मिळते ते चहा-भज्यांचे पैसे. हळूहळू उतार विकले जातात, ताली मोडून सपाट जागा होते आणि गावचा पोरगा त्याच जागेवर राखणदार म्हणून लागतो. त्याऐवजी त्याच पोराने किंवा पोरीने दहा माणसांना रान दाखवत नेले, नाचणी-वरीचे पीक, ताल, झरे, झाडे समजावून दिली, घरी भाकरी वाढली, तर जमीनही राहते आणि दोन पैसेही येतात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले आहे. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करता येते.

विजेच्या सायकली घ्यायच्याच असतील तर एकदम दहा घेऊ नका. चार-पाच घरांनी मिळून दोन-तीन घ्या आणि आधी आपल्या चढावर चालवून पाहा. अडीचशे वॅटपेक्षा कमी मोटर, २५ किलोमीटरची वेगमर्यादा आणि हलके वजन असेल तर अशा वाहनाला आपल्याकडे नोंदणी लागत नाही. विकणाऱ्याकडून तसे प्रमाणपत्र मागून घ्या. बॅटरी उन्हात ठेवू नका, ओली असताना चार्ज करू नका, कंपनीने दिलेल्या चार्जरखेरीज दुसरा लावू नका. पाहुण्याला टोप घातल्याशिवाय सायकल देऊ नका. मुसळधार पावसात घाटउतारावर सहल काढू नका. आणि सायकल नसली तरी अडत नाही. रान दाखवणारा माणूस आणि दाखवण्याजोगे रान, एवढे असले की पायी सहलही चालते.

अण्णांनी परत आल्यावर जमिनीचे काय करायचे ते अजून ठरवलेले नाही. घरात चर्चा चालू आहे, आणि निर्णय त्यांच्या घराचाच आहे. मात्र यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी वरच्या अंगाच्या दोन फुटक्या ताली दगड लावून नीट बांधून घेतल्या, तालींतून पाण्याला वाट ठेवली, आणि धाकट्या मुलाला त्या कामावर उभे केले. आपल्या उतारावर अशी फुटकी ताल असेल तर ती दुरुस्त करण्यास येत्या उन्हाळ्याची वाट पाहू नका. पावसाळा संपला आहे, पाण्याने कुठे वाट काढली ते आता स्पष्ट दिसते. याच आठवड्यात एक फेरी मारून खुणा करून ठेवा.

पुढच्या अंकात हरभऱ्याच्या पेरणीपूर्वी करायच्या बीजप्रक्रियेविषयी पाहू.