मुळशीतील गवत: जाळावे की राखावे?

पौडच्या पुढे डोंगरउतारावर जागा घेऊन ठेविलेल्या एका वाचकांनी पृच्छा केली आहे की, पावसाळ्यानंतर तेथे कमरेइतके गवत माजते, ते माघ-फाल्गुनात जाळून टाकावे काय. कारण जाळल्याने पुढील वर्षी गवत जोमाने येते, असे तेथील लोक सांगतात. हाच प्रश्न मुळशीत जागा असलेल्या आणखीही पुष्कळ कुटुंबांना पडत असेल, म्हणून येथेच उत्तर देतो. जाळू नये.

लोक सांगतात त्यात अगदीच तथ्य नाही, असे नव्हे. जळालेल्या जागी कोवळे कोंब लवकर दिसतात हे खरे; परंतु येते ते कोणते गवत, हे पाहिले पाहिजे. कुसळीच्या बियांस लांब शेपटी असते. ओल लागली की ती पीळ उलगडते, सुकली की पुन्हा वळते, आणि असे करीत बी मातीत घुसविते. वरून आग गेली तरी आत रुतलेले बी सुरक्षित राहते. मारवेल, पवना ही जनावरांच्या आवडीची गवते वणव्यापुढे आणि अतिचराईपुढे हळूहळू मागे हटतात, व माळ कुसळीच्या ताब्यात जातो. कुसळी कोवळी असेतो गुरे खातात. एकदा कुसळे धरली की ती मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीतही रुततात. शिवाय गवतातील नत्र धुरावाटे निघून जाते, आणि ज्येष्ठातील पहिल्या सरी उघड्या उतारावरील माती वाहून नेतात. मुळशीचा पाऊस काही सोलापूरचा नव्हे!

रघुवंशाचा दुसरा सर्ग शिकविताना दिलीप राजा नंदिनीस रुचकर गवताचे घास देतो, हे आम्ही मुलांकडून तोंडपाठ करवून घेत असू. ते रुचकर गवत कोणते, असे एकाही विद्यार्थ्याने कधी विचारले नाही. रुचकर म्हणजे पुष्कळ अंशी कोवळे. फुलोऱ्याच्या सुमारास डोंगरी गवतात प्रथिने शेकडा सहा-सातपर्यंत असतात. तेच गवत पिकून पिवळे पडले की शेकडा दोन-तीनवर येतात. इतक्या निकस चाऱ्यावर जनावराच्या पोटातील सूक्ष्म जीवांचेच भागत नाही; मग जनावर पोटभर खाऊनही रोडावते.

मुळशीची खरी अडचण येथेच आहे. गवत फुलोऱ्यावर येते तेव्हा भाद्रपद-आश्विनातील पाऊस चालू असतो. कापावे तर कुजते. थांबावे तर त्याचे काड होते. यास्तव त्या सुमारास थोडे गवत कापून मुरघास घालणे हा एक उपाय. किंचित सुकवून, बारीक कुट्टी करून, गुळाचे पाणी शिंपडून खड्ड्यात घट्ट दाबावे व हवा न लागेल असे झाकावे. उरलेले पाऊस ओसरताच, उघडीप मिळेल त्या दिवशी कापावे. बुडखा चार बोटे राखावा, कारण नव्या फुटव्यांचे डोळे तेथेच असतात.

आता हे गवत खाणार कोण? ज्यांच्या दारी गाय नाही, त्यांस हा प्रश्न निरर्थक वाटेल. परंतु त्या डोंगरांवर गवळी धनगरांची वस्ती आहे, त्यांच्या म्हशी-गाई आहेत. गायराने व डोंगरकुरणे जंगलखात्याने घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या जनावरांस चरावयास जागा राहिली नाही, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात मांडली आहे. पुढे मुळशीचे धरण आले, १९२१ साली सत्याग्रह झाला, आणि तरीही खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली गेलीच. आता वरचा माळही तुकड्या-तुकड्यांनी तारेच्या कुंपणाआड जात आहे. कुंपण घालणाऱ्यांत आपल्यासारखी शिकलीसवरली कुटुंबेच अधिक, हे बोलून दाखविणे आम्हांस प्राप्त आहे. वाडीवरच्या म्हशीला बंदी आणि आत गवताची होळी, याला व्यवस्था म्हणवत नाही.

कौटिल्याने अर्थशास्त्रात कुरणांसाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमावयास सांगितला आहे. वर्षा, शरद व हेमंत या ऋतूंत गाय दोन वेळा दोहावी, शिशिरापासून ग्रीष्मापर्यंत एकच वेळ. या काळात दुसऱ्यांदा दोहणाऱ्याचा अंगठा तोडावा, असा त्याचा दंड आहे. दंड क्रूर खरा, परंतु दुधाचे माप माळावरील गवताने ठरते, ही जाण त्यामागे दिसते.

पृच्छकांनी आपल्या जागेचे चार भाग पाडावेत. पावसाळ्यात एकाही भागात जनावर सोडू नये. तीन भाग कापावेत. चौथा बी पिकून झडेपर्यंत उभा राखावा, आणि दर वर्षी हा राखीव भाग बदलावा. सभोवार दहा-बारा हात रुंदीचा पट्टा साफ ठेवावा, म्हणजे बाहेरचा वणवा आत शिरणार नाही. वाडीवर निरोप धाडावा की, कापून न्या. त्यांनी मजुरी मागू नये, आपण गवताचे पैसे मागू नयेत. कापणी संपल्यावर मार्गशीर्षात थोडे दिवस गुरे आत सोडण्यास हरकत नाही. त्यांचे शेण तेथेच पडेल.