हातून चेंडू सुटणारे मूल

सात वर्षांचा मुलगा जिना उतरताना कठडा सोडत नाही, बुटाची नाडी त्याला बांधता येत नाही, फेकलेला चेंडू हटकून छातीवर आदळतो. घरात त्याला ‘धांदरट’ म्हणतात. आजीने लाडाने म्हटले तरी शब्द बोचायचा तो बोचतोच.

शंभरातील सुमारे पाच-सहा मुलांची अशी अवस्था असते. बुद्धी उत्तम, स्नायू निरोगी. परंतु हालचालीची आखणी करून ती हातापायांकडून करवून घेणे मेंदूला जड जाते. १९८७ सालापासून वैद्यकात यास ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ म्हणतात. हा आळस नव्हे, आणि वय वाढले की आपोआप जाईल, असेही पुष्कळदा घडत नाही.

आमच्या हातून घडलेली चूक येथे सांगितली पाहिजे. खेळाच्या तासाला आम्ही दोन नायक निवडून त्यांना गडी मागू देत असू. शेवटी उरणारे मूल दर वेळी तेच! ते पोटदुखीचे निमित्त काढून वर्गातच बसू लागले, तेव्हा कोठे आमच्या ध्यानात आले. शिक्षणशास्त्राची पदवी पदरी असून हे उमगण्यास दोन वर्षे लागली. पुढे आम्ही चिठ्ठ्या टाकूनच संघ पाडू लागलो.

पालकहो, घरी प्रारंभ फुग्याने करावा. फुगा सावकाश खाली येतो, त्यामुळे डोळ्यांना व हातांना सवड मिळते. मग मोठा, मऊ चेंडू दोन हात अंतरावरून द्यावा. तो झेलता येऊ लागला की एकेक पाऊल मागे सरावे. लहान चेंडू फार नंतर. जो खेळ खेळावयाचा त्याचाच असा तुकड्यातुकड्यांनी सराव करावा, हेच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०१९ सालच्या शिफारशींतही आहे. भावंडांशी तुलना मात्र नको. पोहण्यात कोणी चेंडू अंगावर फेकत नाही, म्हणून अशी काही मुले पाण्यात रमतात.

अश्दोदच्या किनाऱ्यावर मटकोत खेळणारे आपण नेहमी पाहतो. त्यात हारजीत नसते, चेंडू हवेत ठेवणे एवढेच दोघांचे काम. तो कठीण चेंडू बाजूला ठेवून स्पंजचा घ्यावा आणि शब्बातच्या आधी, शुक्रवारी दुपारी, आबांनी मुलाबरोबर अर्धा तास खेळावे.

अडचण रोजच्या कामांत जाणवत असेल, तर कुपत खोलीमच्या बालरोगतज्ज्ञांना भेटून ‘रिपुय बे-इसुक’विषयी अवश्य विचारावे. तेथे पाळी येण्यास विलंब लागतो, म्हणून नाव लवकर नोंदवावे. फुग्याचा खेळ तोवर थांबवू नये.