कर्ज फिटलं, तरी बोजा सातबाऱ्यावरच

रानात वाफसा नाही, म्हणून आज पिकाचं बाजूला ठेवून आंदोलनातल्या गुन्ह्यांवर लिहितोय.

पीककर्ज भरलं, बँकेनं दाखला दिला, म्हणजे सातबारा कोरा झाला का? नाही. इतर हक्कातला बोजा उतरवायला तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार, मग मंजुरी. तोवर दुसरी बँक उभं करत नाही. आंदोलनातल्या गुन्ह्यांचंही असंच आहे. फरक एवढाच, की इथं बोजा उतरवायचा फेरफारच कायद्यात नाही.

जून 2017 मध्ये पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला आणि राज्यभर पसरला. रस्त्यावरच्या आंदोलनात कलमं ठरलेली असतात: बेकायदेशीर जमाव, रस्ता अडवणं, आदेश मोडणं. पुढं मागण्या मान्य होतात आणि स्टेजवरून घोषणा होते, "गुन्हे मागे घेतले!" टाळ्या पडतात, लोक घरी जातात.

पण घोषणेनं गुन्हा मागे जात नाही. सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज करायचा आणि कोर्टानं संमती द्यायची. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 खाली व्हायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 360 आहे. तारखा पडत राहतात, पोरं मजुरी बुडवून कोर्टात जातात.

बरं, कोर्टानं संमती दिली, तरी पोलीस ठाण्यातली नोंद राहतेच. भरतीच्या पडताळणी फॉर्ममध्ये प्रश्न "गुन्हा आहे का" एवढाच नसतो, "कधी होता का" असाही असतो. सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये अवतारसिंग खटल्यात सांगितलं, की माहिती खरी द्यावी. पण कमी वयात घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण लपवलं गेलं, तर नोकरी देणारा ते सोडून देऊ शकतो. देऊ शकतो, म्हणजे शेवटी त्याच्या मर्जीवरच!

आणि आंदोलनाच्या गाडीवर पुढं बसलेला पुढारी? त्याच्यावर ढीगभर खटले चालू असले, तरी तेवढ्यानं त्याची उमेदवारी जात नाही. दोषी ठरल्यावरच अपात्रतेचा प्रश्न येतो. तो आमदार होतो आणि त्याच्या मागं चाललेलं पोरगं शिपाई व्हायला गेलं की अडकतं. हा कुठला न्याय?

नोंद पुसणं कायद्याला जमत नाही असंही नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अल्पवयीन मुलांच्या बहुतेक प्रकरणांत ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायची तरतूद आहे. 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. म्हणजे दोषी ठरलेल्यालाही वाट आहे, आणि ज्याच्यावर काहीच शाबीत झालं नाही त्याला नाही.

काही जण म्हणतील, कायदा मोडला तर नोंद राहायलाच हवी. जाळपोळ केली, कुणाला जखमी केलं, त्यांच्याबद्दल मी बोलतच नाही. ज्यांचा खटला कोर्टाच्या संमतीनं मागे घेतला गेला, त्यांची नोंद पडताळणीत दिसू नये, एवढीच मागणी आहे. पुढच्या वेळी निवेदनात "गुन्हे मागे घ्या" एवढ्यावर थांबू नका. "नोंदही काढा, आणि किती दिवसांत ते लिहून द्या" हे घाला.

तोवर ज्यांच्या घरी असं प्रकरण आहे त्यांनी कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढून ठेवा. आरोप ठेवण्याआधी खटला मागे गेला तर आरोपी आरोपमुक्त होतो, नंतर गेला तर निर्दोष सुटतो. आदेशात यातलं काय लिहिलंय ते बघा. एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या. आणि फॉर्ममध्ये गुन्हा लपवू नका, खरं लिहून नक्कल जोडा. लपवलेलं सापडलं, तर किरकोळ गुन्ह्यापेक्षा ते लपवणंच महागात पडतं.

घोषणेला टाळ्या वाजवायच्या आधी विचारा: सातबारा कोरा कधी करून देताय?