चोपदार म्हणजे चोप देणारा नव्हे

आषाढी जवळ आली की एक ‘व्युत्पत्ती’ हमखास फिरू लागते : चोपदार म्हणजे गर्दीला चोप देणारा. तिला टाळ्याही पडतात. हा धागा त्या टाळ्यांविरुद्ध आहे.

मूळ फारसी शब्द चोबदार. ‘चोब’ म्हणजे लाकूड, काठी. ‘दार’ म्हणजे बाळगणारा. चवदार पदार्थ चव बाळगतो, किल्लेदार किल्ला राखतो. ‘दार’चा अर्थ ‘देणारा’ असा होत नाही. मराठी जिभेने ‘ब’चा ‘प’ केला, इतकेच. इंग्रजी चर्चमध्ये मिरवणुकीच्या अग्रभागी चालणाऱ्या ‘व्हर्जर’चे नावही लॅटिन ‘व्हिर्गा’वरून, म्हणजे छडीवरूनच आले, म्हणून त्याला कोणी छडीमार ठरवत नाही. आणि उच्च न्यायालयात न्यायमूर्तींपुढे चालणारा चोपदार कोणाला मारतो?

दुसरा पक्ष अधिक सोवळा आहे. शब्द यावनी, तेव्हा ‘दंडधारी’ म्हणा! नांदूरघाटसह सारा बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता; राज्यकारभाराची भाषा उर्दू. निजामी गेली, तहसीलदार राहिला, आणि त्यामुळे कोणाचे स्वातंत्र्य उणे झाले नाही. शिवाय ‘दंड’ या शब्दात शिक्षा आहे, भुर्दंडही आहे. जो मार ‘चोपदार’ शब्दात नव्हताच, तो या शुद्धीने मागल्या दाराने आत येतो.

हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या चाकरीत वावरलेले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला घोडे, चोपदार असा दरबारी थाट दिला. पण दरबारातला चोपदार धन्याची ललकारी देई. वारीतल्या चोपदाराचे काम निराळे झाले, आणि ते ज्यांनी पाहिले नाही तेच त्याला ‘काठीवाला’ म्हणतात.

मुक्कामी समाजआरतीला दिंड्या गोलाकार उभ्या असतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतो, ‘हो’ असा पुकारा होतो आणि हजारोंचा समुदाय क्षणात निःशब्द होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवीत राहते. तिला कोणी दटावत नाही. चोपदार स्वतः तिच्याकडे चालत जातो, गाऱ्हाणे ऐकतो. मग हरवल्या-सापडल्याची यादी आणि उद्याच्या प्रस्थानाची वेळ पुकारली जाते. आरती त्यानंतर.