वर्गप्रतिनिधी कुणी निवडायचा?



परवा नातवानं विचारलं, "आजोबा, तुम्ही विकिपीडियावर गोंदेश्वराच्या पानात दुरुस्त्या करता, पण त्या विकिपीडियाचा मालक कोण?" मी म्हटलं, "मालक कुणी नाही, आपण सगळेच." उत्तर दिलं खरं, पण माझं मलाच पटेना. मालक नसला तरी कारभारी आहेतच की!

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. लिहिणारे सगळे हौशी, बिनपगारी. पण पैसा, यंत्रणा आणि कोर्टकचेऱ्या सांभाळते ती अमेरिकेतली विकिमीडिया फाउंडेशन. तिच्या विश्वस्त मंडळातल्या काही जागा जगभरच्या स्वयंसेवकांच्या मतांनी भरतात. २०२१ साली अशा चार जागा होत्या. निवडून आलेले चौघेही युरोप-अमेरिकेतले. २०२४ साली पुन्हा चार, आणि चौघेही युरोपातले. मुंबईच्या बिशाखा दत्ता २०१० मध्ये मंडळावर गेल्या होत्या, पण नेमणुकीनं.

निवडून आलेली माणसं कमी लायकीची आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझी तक्रार पद्धतीबद्दल आहे. शाळेत आम्ही वर्गप्रतिनिधी वर्गावर्गातून निवडायचो. सगळ्या शाळेचं मतदान एकत्र घेतलं असतं, तर मोठ्या तुकड्यांचीच मुलं निवडून आली असती आणि गळक्या खोलीत बसणाऱ्या छोट्या तुकडीचं गाऱ्हाणं कुणाच्या कानावरच गेलं नसतं. म्हणून मला वाटतं, काही जागा प्रदेशवार ठेवायलाच हव्यात.

यावर कुणी म्हणेल, दक्षिण आशियाला एक जागा दिली तरी तमिळ, बंगाली, नेपाळी, सिंहली आणि मराठी या सगळ्यांच्या वतीनं एकटा माणूस काय बोलणार? आक्षेप खरा आहे. पण आमची अडचण ऐकणारा एकही नसण्यापेक्षा एक असलेला बरा.

जगभरच्या स्वयंसेवकांची एक परिषद असावी, असं सुचवणारी सनद २०२४ च्या जून-जुलैमध्ये मताला टाकली होती. मत देणाऱ्या स्वयंसेवकांपैकी बहुसंख्यांनी कौल दिला, संलग्न संस्थांनीही दिला. विश्वस्त मंडळानं मात्र ती नाकारली. मसुद्यात उणिवा असतीलही, पण ज्यांचे अधिकार वाटले जाणार त्यांच्याच हाती शेवटचा नकार असावा, हे मास्तरकी केलेल्या माणसाला खटकतं.

आता थोडं आपल्याकडेही बघू. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींवर होते. २०२१ च्या त्या निवडणुकीत मत द्यायला किमान ३०० संपादनं लागत होती, त्यातही २० अलीकडच्या सहा महिन्यांतली. आपल्यातले कितीजण त्यात बसतील? माझी अजून शंभरही झालेली नाहीत. मतदारयादीत नाव नसताना जागा मागायची कुठल्या तोंडानं?

तेव्हा भाचे, पुतण्या, जुने विद्यार्थी, जे कुणी हे वाचत असाल त्यांनी आपापल्या गावाचं पान उघडा. चूक दिसली तर आधारासह दुरुस्त करा. मीही रोज एक दुरुस्ती करायचं ठरवलंय. नातू मोजणार आहे!