घरपट्टी माफ नको, हिशेब द्या

महापालिकेची निवडणूक आली की आपल्या मोहल्ल्यातल्या सभेत एक वाक्य हमखास येतं : ‘घरपट्टी माफ करून देऊ.’ टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांचा राग येतो.

जरा बघा. जकात गेली (नाक्यावरची, रमजानमधली नव्हे). एलबीटी २०१५ मध्ये जवळपास संपला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीने गिळली. आता महापालिकेच्या स्वतःच्या हातात मोठी म्हणावी अशी एकच कमाई उरली, घरपट्टी. बाकी पैसा वरून येतो. आणि ज्याचा पगार मंत्रालयातून निघतो, तो मंत्रालयाकडे बघतो, तुमच्या गटाराकडे नाही.

मालेगाव, भिवंडी, अकोला, परभणी ही शहरं हे दुखणं एकेकटी भोगतात. मुंबई सोडली तर राज्यातल्या २८ महापालिकांना कायदा एकच, १९४९ चा. पण आकारणीची पद्धत वेगळी, ठेकेदार वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं. एकाच कामासाठी २८ वेळा कोड लिहा, असं मी ऑफिसात सुचवलं तर मला मीटिंगमधून उठवतील. आमच्या घराच्या बिलावर अब्बांच्या ‘शेख’ चं स्पेलिंग चुकलंय. तेवढं दुरुस्त करायला तीन चकरा झाल्या, अजून झालेलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. या शहरांनी एकत्र यावं. दर प्रत्येकाच्या महासभेने ठरवावा, पण मोजणीची रीत एक, सॉफ्टवेअर एक आणि सगळ्यांना बघता येईल असं खुलं, वसुली-खर्चाचे आकडे प्रभागवार जाहीर. हे स्वप्नरंजन नाही. पाटण्याने १९९३ मध्ये रस्ता कुठला, बांधकाम कसलं, वापर कशाचा, एवढ्यावर आकारणी सुरू केली. इन्स्पेक्टरच्या मर्जीला जागाच ठेवली नाही. दर ४३.७५ टक्क्यांवरून ९ वर आणला. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये ती पद्धत मान्य केली. पुढे बंगळूर, अहमदाबाद, दिल्ली याच वाटेने गेले.

‘आमच्या घराला परवानगीच नाही, नोंद केली की दुप्पट शास्ती बसेल,’ असं लोक म्हणतात. भीती खरी आहे. कायद्याच्या कलम २६७-अ मध्ये शास्तीची तरतूद आहे, वर ती भरूनही बांधकाम कायदेशीर होत नाही. पण ही शास्ती म्हणजे दंड, कर नव्हे. पिंपरी-चिंचवडकरांनी वर्षानुवर्षे रेटा लावला आणि २०२३ मध्ये सरकारने तिथली शास्ती माफ केली. एकट्या भिवंडीचं मंत्रालयात कोण ऐकणार? चार शहरं एकच निवेदन घेऊन गेली तर ऐकावं लागेल.

आणि माफीची चटक? थकबाकीवर दरमहा २ टक्के व्याज लावायचं, मग अभय योजना काढून तेच सोडायचं. वेळेवर भरणारी विधवा खाला मूर्ख ठरते, चार गाळे भाड्याने दिलेला थकबाकीदार शहाणा.

खरी गोष्ट अजून पुढेच आहे. ‘तुमचे लोक कर भरत नाहीत’ हा टोमणा तुम्ही कॉलेजात, ऑफिसात, रिक्षातही ऐकला असेल. याला उत्तर द्यायला आपल्याकडे काय आहे? काही नाही, कारण प्रभागवार आकडा समोर येतच नाही. तो आला आणि आपला प्रभाग मागे निघाला तर? निघू दे. छोट्या घरांचा कर छोटाच असणार, पण बिल किती गेलं आणि भरलं किती हे तर कळेल. त्याच पानावर रस्त्यावर, पाण्यावर किती खर्च झाला तेही दिसेल, मग प्रश्न आपण विचारू.

आता प्रत्येक मोहल्ल्यात कोड लिहिणारी, सीए करणारी चार-दोन पोरं-पोरी आहेत. चारही महासभांत एकाच शब्दांचा ठराव जायला हवा. तो मसुदा नगरसेवक लिहिणार नाहीत, आपल्यालाच लिहून त्यांच्या हातात द्यावा लागेल.